डिजिटल कॅमेऱ्याचे फर्मवेअर

डिजिटल कॅमेऱ्याचे फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या अंतर्गत स्मृतीत साठवलेली आणि त्याच्या सर्व भागांकडून काम करून घेणारी आज्ञावली होय. लेन्स, सेन्सर, शटर, पाठीमागचा पडदा आणि मेमरी कार्ड हे भाग जागच्या जागी असले, तरी बटण दाबल्यावर कोणी केव्हा काय करायचे हे फर्मवेअर ठरवते. ही आज्ञावली बदलता येते. उत्पादकाने दिलेली नवी आवृत्ती चढवणे, नकोशा आवृत्तीवरून जुन्या आवृत्तीकडे परतणे आणि उत्पादकाबाहेरच्या जाणकारांनी लिहिलेली जोड-आज्ञावली बसवणे, असे या बदलाचे तीन प्रकार आहेत. त्यांपैकी पहिला सोपा आहे, दुसरा पुष्कळदा अवघड आणि काही वेळा अशक्य असतो, तर तिसरा पूर्णपणे मालकाच्या जबाबदारीवर करावा लागतो. कॅमेरा ज्यांच्या चरितार्थाचे साधन आहे, त्यांनी या तिन्हींतील फरक नीट समजून घेणे आवश्यक असते. कारण चढवलेली आवृत्ती उतरवता येईलच, असे गृहीत धरता येत नाही.

नावाची व्युत्पत्ती

‘फर्मवेअर’ हा शब्द अमेरिकी संगणकतज्ज्ञ ॲशर ओप्लर यांनी १९६७ साली वापरात आणला. यंत्राचे कठीण भाग म्हणजे हार्डवेअर आणि सहज बदलता येणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधली, म्हणजे धड कठीणही नाही आणि धड मऊही नाही, अशी ती ‘फर्म’. मराठीत त्यासाठी ‘स्थायी आज्ञावली’ असा प्रतिशब्द करता येईल. मात्र या लेखाचा विषयच मुळी तिच्या अस्थायीपणाचा असल्याने तो शब्द येथे अडचणीचा ठरतो. फोर्टमधील कॅमेऱ्यांच्या दुकानांत ‘फर्मवेअर’ किंवा नुसते ‘व्हर्जन’ असे म्हणतात, आणि ते पुरेसे आहे.

रचना आणि कार्य

फर्मवेअर कॅमेऱ्यातील फ्लॅश स्मृतीत असते. ही स्मृती वीज नसतानाही टिकते, म्हणून बॅटरी काढून ठेवली तरी फर्मवेअर पुसले जात नाही. त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला अगदी लहान भाग कॅमेरा सुरू होताच जागा होतो, स्मृती तपासतो आणि दुसऱ्या, मोठ्या भागाला चालना देतो. दुसऱ्या भागात प्रकाशमापन, केंद्रीकरण, रंगांचे गणित, मेनू, फोटोची फाइल तयार करणे इत्यादी सर्व कामे असतात. नवी आवृत्ती चढवताना मुख्यतः हा दुसरा भाग बदलला जातो. पहिला भाग शाबूत असेल, तर अर्धवट राहिलेले काम पुन्हा करून पाहण्याची काही आशा असते. तोही बिघडला, तर कॅमेरा सुरूच होत नाही. बाजारात याला ‘कॅमेरा डेड झाला’ असे म्हणतात, आणि मग सेवा केंद्रात मुख्य बोर्ड बदलण्यावाचून सहसा उपाय उरत नाही.

मेनूची भाषा हाही फर्मवेअरचाच भाग आहे. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांच्या भाषायादीत हिंदी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू यांच्या जोडीने मराठीही आढळते. यादीतून मराठी निवडली की सगळा मेनू देवनागरीत दिसू लागतो. ही सोय अनेक मराठी वापरकर्त्यांच्या ध्यानातच आलेली नसते.

बदलता येणाऱ्या लेन्सच्या आतही छोटे फर्मवेअर असते. कॅमेरा नवा आणि लेन्स जुनी असेल, तर दोघांचे जुळवून देण्यासाठी लेन्सची आवृत्ती बदलावी लागते. सिग्मा कंपनीने या कामासाठी ‘यूएसबी डॉक’ नावाची छोटी बैठक बाजारात आणली. तिच्यावर लेन्स चढवून ती संगणकाला जोडतात.

नवी आवृत्ती चढवणे

उत्पादक नवी आवृत्ती साधारण तीन कारणांसाठी काढतात: आधीच्या आवृत्तीतील दोष दूर करणे, नव्या लेन्सची किंवा कार्डाची ओळख करून देणे आणि नवी सोय भरणे. पूर्वी पहिली दोन कारणेच प्रमुख होती. अलीकडे तिसऱ्याचे महत्त्व फार वाढले आहे. निकॉनचा झेड ९ हा कॅमेरा २०२१ च्या अखेरीस बाजारात आला. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.०० आवृत्तीने त्याच्यात ८के आकाराच्या, सेकंदाला ६० चौकटींच्या कच्च्या चित्रीकरणाची सोय भरली, आणि जून २०२३ च्या ४.०० आवृत्तीने ठरवून दिलेली हालचाल दिसताच आपोआप फोटो घेण्याची. कॅमेरा तोच होता, त्याला नवे काम शिकवले गेले होते. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. ‘उरलेले नंतर देऊ’ या भरवशावर अपुऱ्या तयारीचा कॅमेरा विकण्याची सवय उत्पादकांना लागू शकते.

आवृत्ती चढवण्याची रीत बहुतेक कॅमेऱ्यांत सारखीच असते. प्रथम मेनूत जाऊन सध्याची आवृत्ती पाहतात. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलची फाइल उतरवून घेतात. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून ती फाइल कार्डावर सर्वांत वरच्या पातळीवर ठेवतात. फोटोंच्या फोल्डरमध्ये ठेवल्यास ती कॅमेऱ्याला सापडत नाही. त्यानंतर पूर्ण भरलेली बॅटरी घालून मेनूतून आज्ञा देतात. पुढची काही मिनिटे कॅमेऱ्याला हात लावायचा नसतो. बटण बंद करणे, कार्डाचे झाकण उघडणे किंवा बॅटरी काढणे, यांपैकी काहीही या वेळी घातक ठरू शकते. बॅटरी अर्धी असेल, तर पुष्कळ कॅमेरे हे काम सुरू करायलाच नकार देतात, आणि तो नकार रास्त असतो. फाइल अखंड आहे की नाही आणि ती उत्पादकाचीच आहे की नाही, याची तपासणी कॅमेरा स्वतः करतो.

या रीतीत अवघड काही नाही. चूक होते ती वेळ निवडण्यात. लालबाग, परळ आणि चिंचपोकळी या भागांत गणेशोत्सवाच्या आधीपासूनच आगमनाच्या मिरवणुका सुरू होतात आणि शेकडो छायाचित्रकार त्या टिपण्यासाठी जमतात. लालबागच्या राजाची विसर्जन मिरवणूक अनंत चतुर्दशीला सकाळी निघून गिरगाव चौपाटीवर दुसऱ्या दिवशी पोहोचते. अशा कामाच्या आदल्या रात्री फर्मवेअर बदलणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. नव्या आवृत्तीत काही सेटिंग मूळपदावर जातात, एखादे बटण वेगळे वागू लागते, परक्या कंपनीची बॅटरी किंवा फ्लॅशचा ट्रिगर ओळखला जात नाही. आणि हे सगळे कळते ते मूर्ती मंडपाबाहेर पडताना. आवृत्ती बदलल्यावर निदान आठवडाभर साधी, बिनमहत्त्वाची कामे करून कॅमेरा तपासावा, ही व्यावसायिकांची जुनी शिस्त आहे.

विजेचे दिवे आणि पंचवीस चौकटी

फर्मवेअर बदलल्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो, याचे मुंबईकराला सहज पटणारे उदाहरण कॅननच्या ५डी मार्क २ या कॅमेऱ्याचे आहे. २००८ च्या अखेरीस आलेला हा कॅमेरा मोठ्या सेन्सरवर पूर्ण एचडी चित्रीकरण करू शकत असे, म्हणून लघुपट करणारे आणि लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे त्याच्यामागे लागले. परंतु तो सेकंदाला फक्त ३० चौकटी घेई, आणि चित्रीकरण करताना शटरचा वेग कॅमेरा स्वतःच ठरवी.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. चोकवर चालणारी ट्यूबलाइट त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. हे डोळ्याला जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला जाणवते. सेकंदाला २५ चौकटी घेतल्या, तर प्रत्येक चौकटीच्या वाट्याला दिव्याची बरोबर ४ आवर्तने येतात आणि सर्व चौकटी सारख्या उजळ दिसतात. ३० चौकटी घेतल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला ३ पूर्णांक एक-तृतीयांश आवर्तने येतात. म्हणजे एका चौकटीला उजेड जास्त तर दुसरीला कमी, आणि चित्र लुकलुकू लागते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर धरले, तर प्रत्येक चौकटीत आवर्तन पुरे होते आणि हा दोष बहुतांशी जातो. पण तेव्हा या कॅमेऱ्यात शटर धरून ठेवण्याचीच सोय नव्हती. अमेरिका किंवा कॅनडासारख्या ६० हर्ट्झच्या देशांत ३० चौकटींचे गणित बरोबर जुळते. गिरगावातल्या चाळीच्या चौकात, ट्यूबलाइटच्या माळांखाली ते जुळण्यासारखे नव्हते.

जून २००९ मध्ये कॅननने १.१.० आवृत्ती काढून चित्रीकरणात शटर, छिद्रमान आणि आयएसओ हाताने ठरवण्याची मुभा दिली. त्यानंतर मार्च २०१० मध्ये २.०.३ आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर २४ व २५ चौकटींची सोयही आली. मात्र या आवृत्तीत ध्वनिमुद्रणाचा दोष निघाला, म्हणून कॅननने ती लगेच मागे घेतली आणि त्याच महिन्यात २.०.४ ही दुरुस्त आवृत्ती दिली. भिंग, सेन्सर, बॅटरी यांपैकी काहीही न बदलता एका फाइलने कॅमेरा ५० हर्ट्झच्या देशांत नीट वापरण्याजोगा झाला, आणि ज्यांनी घाईने पहिल्याच दिवशी फाइल चढवली, त्यांना ध्वनीचा दोषही पदरात घ्यावा लागला. ‘थोडे थांबून चढवा’ या सल्ल्याला इतके चांगले उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

एलईडी दिव्यांनी हा प्रश्न संपवलेला नाही. रोषणाईतील स्वस्त एलईडी पट्ट्या आणि मंच उजळणारे दिवे वेगवेगळ्या गतीने मिचकतात. त्यांना ५० हर्ट्झचे साधे गणित लागू पडत नाही. शटरचा वेग अगदी बारीक पायऱ्यांनी बदलण्याची किंवा मिचकण्याची गती आधी ओळखून योग्य क्षणी फोटो घेण्याची सोय नव्या कॅमेऱ्यांत आली आहे, आणि तीही मोठ्या प्रमाणात फर्मवेअरचीच करामत आहे.

जुन्या आवृत्तीकडे परतणे

नव्या आवृत्तीने अडचण झाली, तर जुनी परत चढवावी, असे कोणालाही वाटेल. संगणकावर हे करता येते, मोबाइल फोनवर क्वचित करता येते. कॅमेऱ्याच्या बाबतीत ते उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून असते. पुष्कळ कॅमेरे हातातल्या आवृत्तीपेक्षा जुनी फाइल दिसली की ती नाकारतात. शिवाय अनेक उत्पादक नवी आवृत्ती आल्यावर जुनी फाइल संकेतस्थळावरून काढून टाकतात. म्हणून चढवलेली प्रत्येक फाइल मॉडेल आणि आवृत्तीच्या नावानिशी आपल्याकडे जपून ठेवावी. ती पुढे दुसरीकडे शोधावी लागली, तर फाइलमध्ये कोणी ढवळाढवळ केलेली नाही याची खात्री देता येत नाही.

कॅनन ५डी मार्क ३ मध्ये हा बदल कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कार्डावर जुनी फाइल ठेवून मागे जाता येत असे. १.३.३ आवृत्तीपासून कार्डावरून मागे जाण्याचा मार्ग बंद झाला. त्यानंतर कॅमेरा तारेने संगणकाला जोडून कॅननच्या ईओएस युटिलिटी या आज्ञावलीमार्फतच परतता येई. दार बंद झाले, खिडकी तेवढी उघडी राहिली. नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात ‘या आवृत्तीनंतर मागे जाता येणार नाही’ असे एखादे वाक्य कोपऱ्यात छापलेले असते. ते वाचल्याशिवाय फाइल चढवू नये.

मागे जाण्याची इच्छा होण्याचे एक मोठे कारण बॅटरी हे आहे. जून २००९ मध्ये पॅनासॉनिकने सुरक्षिततेचे कारण देऊन आपल्या काही कॅमेऱ्यांसाठी अशी आवृत्ती काढली की परक्या कंपनीच्या बॅटऱ्या चालेनाशा झाल्या. निकृष्ट बॅटरी फुगते, तापते, हे खरेच आहे. परंतु मूळ बॅटरीची किंमत न परवडणाऱ्या छायाचित्रकाराच्या दृष्टीने, काल चालणारा कॅमेरा आज हट्ट धरून बसला, इतकाच त्याचा अर्थ होतो.

जोड-आज्ञावली

उत्पादकाबाहेरच्या जाणकारांनी केलेले बदल दोन जातींचे असतात, आणि त्यांतला भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या जातीत उत्पादकाच्या फाइलमध्येच फेरफार करून ती कॅमेऱ्यात कायमची चढवतात. दुसऱ्या जातीत मूळ फर्मवेअर जसेच्या तसे राहते आणि जोड-आज्ञावली कार्डावरून येऊन कॅमेरा चालू असेपर्यंत त्याच्या सोबतीने काम करते. पहिल्या जातीत धोका अधिक असतो. २००३ मध्ये आलेल्या कॅनन ३००डी या तुलनेने स्वस्त कॅमेऱ्यावर एका रशियन प्रोग्रॅमरने असाच प्रयोग केला. आयएसओ ३२००, फ्लॅशच्या तीव्रतेची जुळवणी आणि आरसा आधी वर उचलून धरण्याची सोय, हे सारे त्याच्याहून महागड्या १०डी मध्ये होते. फेरफार केलेल्या फाइलमुळे ते ३००डी मध्येही आले. दोन कॅमेऱ्यांच्या किमतीतील फरकाचा काही भाग यंत्राचा नव्हता, आज्ञावलीने बांधून ठेवलेल्या हातांचा होता, हे त्यातून उघड झाले. २०१० मध्ये विताली किसेल्योव्ह यांनी पॅनासॉनिक जीएच१ साठी याच जातीचे साधन तयार केले आणि चित्रीकरणाची गुणवत्ता वाढवून दाखवली.

दुसऱ्या जातीत सीएचडीके आणि मॅजिक लॅन्टर्न ही दोन नावे प्रमुख आहेत. दोन्ही कॅनन कॅमेऱ्यांसाठी आहेत, दोन्ही स्वयंसेवकांनी लिहिलेल्या आहेत आणि दोन्ही जीएनयू परवान्याखाली खुल्या आहेत, म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते.

सीएचडीके

कॅननच्या पॉवरशॉट मालिकेतील खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ही जोड-आज्ञावली आहे. तिच्यामुळे साध्या कॅमेऱ्यात कच्च्या स्वरूपातील फोटो, प्रकाशाचा आलेख, जास्त उजळ भागांवर पट्टे दाखवणे, बॅटरीची टक्केवारी अशा सोयी येतात. तिचे खरे सामर्थ्य मात्र छोट्या लिपींमध्ये, म्हणजे वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या आज्ञांच्या मालिकांमध्ये आहे. या लिपी बेसिक किंवा लुआ भाषेत लिहितात. ‘दर १० सेकंदांनी एक फोटो घे’ किंवा ‘चौकटीत हालचाल दिसताच फोटो घे’ असे कॅमेऱ्याला सांगता येते. दुसरी लिपी पावसाळ्याच्या तोंडावर मरीन ड्राइव्हवरून समुद्रावरची वीज टिपण्यास विशेष उपयोगी पडते. वीज चमकून गेल्यावर माणसाचे बोट हलते; कॅमेरा त्यापेक्षा चपळ असतो.

ठरावीक अंतराने एकेक चौकट घेण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर, भांडवलदारांना चित्रपटाचे तंत्र पटवून देण्यासाठी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट घेत चित्रित केली होती. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती छोटी फिल्म ओळखली जाते. त्यापुढे दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात प्रेक्षकांसमोर आला. फाळक्यांच्या कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवायची असे. त्याची गती ठरवणारे ‘फर्मवेअर’ म्हणजे मूठ धरणाऱ्या माणसाचा सराव. वाटाण्यापुढे दिवसेंदिवस चिकाटीने करावे लागलेले ते काम आज शाळकरी मुलगा चार ओळींच्या लिपीने जुन्या पॉवरशॉटकडून करून घेऊ शकतो, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी याहून स्वस्त व चांगला प्रकल्प सुचवणे कठीण आहे.

सीएचडीके बसवताना मॉडेल जुळणे पुरेसे नसते, फर्मवेअरची आवृत्तीही अक्षरशः जुळावी लागते. उदाहरणार्थ, ए५७० आयएस या एकाच मॉडेलसाठी १.००ई आणि १.०१ए अशा दोन स्वतंत्र प्रती आहेत. या कॅमेऱ्यांच्या मेनूत आवृत्ती दिसत नाही. ती पाहण्यासाठी कार्डावर ‘व्हर डॉट रेक’ किंवा नव्या मॉडेलांत ‘व्हर्स डॉट रेक’ नावाची रिकामी फाइल ठेवतात, कॅमेरा फोटो पाहण्याच्या स्थितीत सुरू करतात आणि ‘फंक्शन-सेट’ बटण दाबून धरून ‘डिस्प्ले’ बटण दाबतात. त्याशिवाय, कॅननने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये आवृत्तीची नोंद असते. ती संगणकावर वाचता येते.

त्यानंतर योग्य प्रत कार्डावर उतरवून कार्ड ‘बूट’ होण्याजोगे करतात आणि कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी ‘लॉक’कडे सरकवतात. अशी खिट्टी लावलेले कार्ड दिसले, की कॅमेरा सुरू होताना आधी कार्डावरील आज्ञावली उचलतो. एरवी खिट्टी लावल्यावर कार्डावर लिहिता येत नाही, परंतु सीएचडीके ही मनाई बाजूला सारून फोटो साठवते. खिट्टी पूर्ववत केली की कॅमेरा पुन्हा कारखान्यातून आला तसा वागतो. मूळ फर्मवेअरला धक्का लागत नाही, म्हणून नवशिक्याने प्रयोग करायचाच असेल, तर येथून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

मॅजिक लॅन्टर्न

कॅननच्या ईओएस मालिकेसाठी असलेली ही जोड-आज्ञावली ट्रॅमेल हडसन यांनी २००९ साली ५डी मार्क २ साठी सुरू केली. त्यांची गरज ध्वनीची होती. कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करी, त्यामुळे शांत क्षणी पार्श्वभूमीचा घोंघाट वाढत असे. हडसन यांनी ती पातळी हाताने धरण्याची सोय केली. पुढे इतर स्वयंसेवकांनी तिच्यात बरीच भर घातली. मे २०१३ मध्ये ५डी मार्क ३ वर १४ बिटांचे कच्चे चित्रीकरण शक्य झाल्याचे त्यांनी दाखवले, तेव्हा उत्पादकाने न दिलेली ही सोय पाहून व्यवसायातील लोक चकित झाले होते.

‘मॅजिक लॅन्टर्न’ हे नाव सिनेमापूर्व काळातील चित्रदीपाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी त्याचे खेळ केले आणि त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. जोड-आज्ञावलीला मराठी नाव द्यायची वेळ आली, तर ते असे तयारच आहे.

मॅजिक लॅन्टर्नची अटही तीच: ५५०डी ला १.०.९ आणि ६००डी ला १.०.२, अशी प्रत्येक मॉडेलची आवृत्ती ठरलेली असते. कॅमेऱ्यात त्याहून नवी आवृत्ती असेल, तर आधी मागे यावे लागते; जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा प्रश्न बहुतेकांना भेटतो तो येथेच. बसवताना कॅमेऱ्याच्या स्मृतीत एक छोटी खूण केली जाते. ती खूण असलेला कॅमेरा दर वेळी सुरू होताना कार्डावर ‘ऑटोएक्झेक डॉट बिन’ ही फाइल शोधतो. साधे कार्ड असेल, तर तो नेहमीप्रमाणे चालतो. कार्ड ‘बूट’ होण्याजोगे आहे पण त्यावरील ही फाइल मात्र पुसली गेली आहे, असे झाले तर तो अडकून बसतो आणि मेल्यासारखा दिसतो. अशा वेळी घाबरून जाऊ नये. बॅटरी काढावी, कार्ड बदलावे. कॅमेरा सहसा पूर्ववत होतो. चालू असताना कार्डाचे झाकण उघडून लगेच कार्ड ओढून काढणे टाळावे. काढून टाकायची वेळ आली, तर नुसती फाइल पुसून भागत नाही. ही खूण मिटवण्याची दिलेली रीत पाळावी लागते.

भाड्याने घेतलेल्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग करू नये. खूण कॅमेऱ्यात राहते, आणि पुढच्या ग्राहकाचा कॅमेरा ऐन मुहूर्तावर अडकून बसला तर त्याचे कारण त्याला कधीच कळत नाही.

सोनी कंपनीने २०१२ पासून स्वतःचेच ‘प्लेमेमरीज कॅमेरा ॲप्स’ दालन चालवले होते. त्यातून काही मॉडेलांवर अधिकृत जोड-आज्ञावली घेता येत असे. पुढच्या मॉडेलांत कंपनीने ती सोय ठेवली नाही.

सुरक्षितता आणि कायदा

वाय-फाय असलेला कॅमेरा हा छोटा संगणकच असतो, त्यामुळे संगणकाचे रोगही त्याला जडू शकतात. ऑगस्ट २०१९ मध्ये चेक पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनी कॅनन ८०डी मध्ये वाय-फायवरून शिरून कार्डावरील फोटो कुलूपबंद करून दाखवले. या अभ्यासात त्यांना मॅजिक लॅन्टर्नच्या स्वयंसेवकांनी जमवलेल्या माहितीचा उपयोग झाला होता. कॅननने ग्राहकांना सावध करून दुरुस्त आवृत्ती दिली. म्हणजे ‘चालते आहे ना, मग कशाला बदला’ हे धोरणही सर्वस्वी निर्धोक नाही; सुरक्षेच्या दुरुस्त्या चढवाव्यात, आणि गर्दीच्या ठिकाणी गरज नसताना कॅमेऱ्याचे वाय-फाय बंद ठेवावे.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे जवळ असलेल्या व्यक्तीने दुसऱ्या स्वतंत्र आज्ञावलीशी मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याकरिता, तसेच आज्ञावलीचे कार्य अभ्यासण्याकरिता केलेल्या कृतींना विशिष्ट मर्यादेत सूट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए मात्र हक्कांच्या रक्षणासाठी लावलेली तांत्रिक कुलपे, हक्कभंगाच्या हेतूने, तोडणे दंडनीय ठरवते. आपल्या कॅमेऱ्यावर स्वतंत्रपणे लिहिलेली जोड-आज्ञावली वापरणे आणि उत्पादकाची बदललेली फाइल वाटत सुटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हमीचा प्रश्न याहून वेगळा आहे: अनधिकृत आज्ञावलीमुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे मानूनच प्रयोग करावा.

वापरलेला कॅमेरा घेताना

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरील बोरा बाजार आणि दादाभाई नौरोजी मार्गाच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकाने मोठ्या संख्येने आहेत, आणि तेथे वापरलेले कॅमेरेही मिळतात. विद्यार्थ्याचा पहिला कॅमेरा पुष्कळदा येथूनच येतो. लेन्सवरचे ओरखडे आणि शटर किती वेळा पडले याची चौकशी सगळेच करतात. आवृत्तीची फारसे कोणी करत नाही. ज्याला मॅजिक लॅन्टर्न वापरायची आहे, त्याने दुकानातच मेनू उघडून आवृत्ती पाहावी, कारण त्या मॉडेलवर मागे येण्याची वाट बंद असेल, तर स्वस्तात मिळालेला कॅमेरा त्याच्या उपयोगाचा नाही. स्वतःचे फॉरमॅट केलेले कार्ड घालून कॅमेरा दोन-तीनदा बंद-चालू करावा. आधीच्या मालकाने जोड-आज्ञावली बसवली होती का, हे विक्रेत्याला थेट विचारावे, आणि मूळ बॅटरीबरोबरच आपल्याकडे असलेली परकी बॅटरीही लावून पाहावी. ती नाकारली गेली, तर मूळ बॅटरीची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीत मिळवून मगच भाव ठरवावा.